‘आणखी काय घेता, काका?’ : लालबागच्या नाक्यावरचं एक मेडिकल

आधी तक्रारी सांगून टाकतो, म्हणजे शेठने चहा पाजून लिहून घेतलं असं कुणाला वाटायला नको.

दुकान जेमतेम आठ फुटांचं. मसाला गल्लीपासून चालत दोन मिनिटं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मिरचीचं कांडप जोरात असलं की औषधाचं नाव सांगायच्या आधी चार शिंका द्याव्या लागतात. पायरी इतकी उंच की गुडघ्याचं औषध घ्यायला आलेल्याने शटरच्या कडेला धरूनच चढावं. दुपारी दीड ते पाच बंद. ज्येष्ठांना शेकडा दहा सूट, तीही आठवण केली तर. ‘घरपोच सेवा’ असा बोर्ड आहे, पण पोरगा कायम ‘आत्ताच गेला’. काउंटरवर चार जण उभे राहिले की पाचवा रस्त्यावर, आणि तुमची गोळी कशाची हे मागच्या दोघांना ऐकू जातंच.

रांग सरकत नाही ही सगळ्यात मोठी तक्रार. मी बेस्टमध्ये तेहेतीस वर्षं काढली, शेवटची अकरा स्टार्टर म्हणून. सात-बाराची गाडी सात-बाराला सुटली पाहिजे, यापलीकडे मला देवाकडे काही मागायचं नव्हतं. रिटायर होऊन (मार्च २०१९) इतकी वर्षं झाली तरी कुठेही रांग थांबली की माझा हात आपोआप शिट्टीकडे जातो. आणि इथल्या काउंटरवरच्या मॅडम एकेका गिऱ्हाइकाला पाच-पाच मिनिटं घेतात. गिऱ्हाईक म्हणतं, अमुक गोळीची एक पट्टी द्या. बाकीची दुकानं पट्टी देतात. या विचारतात, ‘आणखी काय घेता?’

‘काही नाही’ म्हटलं तर सुटका नाही. ‘दुखण्याचं काही? डोळ्यात थेंब? चूर्ण, काढा, आयुर्वेदिक?’ मागचा माणूस घड्याळ बघतो. तो मागचा माणूस मी दीडेक वर्ष होतो. एकदा तर मोठ्याने म्हणालोही होतो, ‘मॅडम, औषध द्या, जनगणना नंतर करा.’

मग मी फोनवरच्या एका अ‍ॅपकडे वळलो. नाव घेत नाही. बावीस टक्के सूट, दुसऱ्या दिवशी दारात डबा, दर महिन्याला आपोआप रिफिल. मला बीपी निघालं २०१६ मध्ये, डेपोतल्या तपासणीत. तेव्हापासून टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी जोडगोळी सकाळी एक. त्यातलं दुसरं म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी, आम्ही ‘पाण्याची गोळी’ म्हणतो ती. एकशे तीस-ऐंशीच्या आसपास आठ वर्षं सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये उजवा गुडघा धरला. हाडांच्या डॉक्टरांनी असिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली, दोनदा, पाच दिवस. पाच दिवसांत गुडघा इतका सुतासारखा झाला की सहाव्या दिवशी मी स्वतःच अ‍ॅपवर आणखी दोन पट्ट्या टाकल्या. आधीची चिठ्ठी तिथे अपलोड केलेली होतीच. कुणी काही विचारलं नाही. पाकिटावर दोन नावं होती, त्यातलं मला ओळखीचं पॅरासिटामॉल एवढंच मी वाचलं. म्हटलं, तापाची साधी गोळी आहे, होऊन होऊन काय होणार.

३० ऑगस्टला फॅमिली डॉक्टरांकडे गेलो तर बीपी १५०/९२. त्यांनी विचारलं, ‘दुसरं काही चालू आहे का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ खोटं बोलायचं म्हणून नव्हे. गुडघ्याची गोळी म्हणजे ‘दुसरं काही’ हे डोक्यातच आलं नाही. ती तात्पुरती होती ना! त्यांनी रात्रीची अ‍ॅम्लोडिपिन ५ वाढवून दिली. आठवड्यात पाय सुजले, चप्पल घट्ट झाली. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात हे शेजारच्यांनी सांगितलं, म्हणून सगळा दोष मी तिच्यावर टाकून मोकळा झालो. बीपीचा दोष उकडीच्या मोदकांवर.

आता गणपतीत लालबागला काय होतं हे मुंबईकराला सांगायला नको. रस्ते बंद, दोऱ्या लावलेल्या, दर्शनाची रांग कुठून कुठे गेलीय ते पोलिसांनाही ठाऊक नसतं. अ‍ॅपचा पोरगा भारतमाता सिनेमाच्या नाक्यापासून तीनदा फोन करून परत गेला. माझ्या गोळ्या संपलेल्या. ११ सप्टेंबर, बुधवार, गौरीपूजनाचा दिवस; घरात पाहुणे, मी लंगडतोय. म्हणून नाइलाजाने नाक्यावरच्या मेडिकलची पायरी चढलो.

गुडघ्याच्या गोळीचं रिकामं पाकीट पुढे केलं. ‘आणखी काय घेता, काका?’

बीपीची सांगितली. मॅडमनी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला. ‘ही किती दिवस चाललीय?’ मी हिशेब केला, साडेतीन आठवडे. ‘लघवी नेहमीसारखी होते?’ मागे तीन जण उभे. मी पुटपुटलो, कमी होते. त्यांनी खालून बीपीचं मशीन काढलं, मला आतल्या स्टुलावर बसवलं आणि रांगेतल्या लोकांना सरळ सांगितलं, थांबा. १६२/९४.

गोळी दिली नाही. मी रागावलो. चिठ्ठी जुनी आहे, पट्टीवर लाल रेघ (म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही) आहे, एवढं कारण पुरे होतं. त्यावर दुकान थांबलं असतं तर मी दुसरीकडून आणली असती. लालबाग-परळमध्ये मेडिकलं काय कमी आहेत? त्यांनी कारण दुसरंच सांगितलं, आणि ते आमच्या चाळीच्या भाषेत सांगितलं.

म्हणाल्या, ‘काका, किडनीतल्या गाळणीला दाब लागतो, तुमच्या तिसऱ्या मजल्याच्या नळाला लागतो तसा. गाळणीत येणारी नळी उघडी ठेवणारी द्रव्यं शरीर स्वतः बनवतं. पेनकिलर तीच बंद पाडते, दुखणंही त्याच कारणाने थांबतं. म्हणजे येणारा व्हॉल्व्ह आवळला. टेल्मिसार्टन जाणारी नळी सैल करतं. एरवी ते किडनीच्या भल्याचंच आहे. म्हणजे खालचा नळ उघडा. आणि पाण्याच्या गोळीने टाकीतलंच पाणी कमी. आता सांगा, तिसऱ्या मजल्यावर धार येईल?’

चाळीत जन्म गेलेल्या माणसाला यापुढे काही समजवावं लागत नाही. वर पेनकिलर मीठ-पाणी अंगात धरून ठेवते, त्यामुळे बीपी चढतं आणि पाय सुजतात, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. बीपीच्याच ‘प्रिल’वाल्या गोळ्या, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, यांचंही पेनकिलरशी असंच वाकडं. आणि पेनकिलर म्हणजे माझी असिक्लोफेनॅक, तशीच आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, सगळ्या एकाच माळेचे मणी. अ‍ॅम्लोडिपिनचं त्यामानाने कमी बिघडतं. पेनकिलर, टेल्मिसार्टन किंवा ‘प्रिल’ आणि पाण्याची गोळी, तिघांच्या या टोळीला डॉक्टर लोक ‘ट्रिपल व्हॅमी’ म्हणतात. आमच्याकडे तीन गाड्या एकामागोमाग चिकटून आल्या की त्याला नाव नव्हतं, फक्त शिव्या होत्या.

त्यांनी माझ्यासमोर फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. पेनकिलर त्या क्षणी बंद. रक्त त्याच संध्याकाळी दिलं. क्रिएटिनिन (किडनीची गाळणी मंदावली की चढणारा आकडा) १.७, जानेवारीत १.० होतं. पोटॅशियम ५.६, जे ५ च्या आसपास थांबायला हवं. डॉक्टरांनी सकाळची जोडगोळी काही दिवस थांबवली, दर दोन दिवसांनी बोलावलं, अनंत चतुर्दशीला मी खिडकीतूनच बाप्पाला निरोप दिला. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.१, मग जोडगोळी पुन्हा सुरू. बीपी १३४/८२ आणि अ‍ॅम्लोडिपिनही पुढे बंद झाली. पायाची सूज गेली. म्हणजे ती गोळी ज्या बीपीसाठी वाढवली होती ते बीपीच मुळात पेनकिलरने चढवलेलं होतं! मी अ‍ॅम्लोडिपिनला उगाच शिव्या दिल्या. आणि सुजेसाठी आणखी एक पाण्याची गोळी लागली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

गुडघ्याचं काय, हे विचाराल. चोळायचं डायक्लोफेनॅक जेल दिलं. कातडीवाटे रक्तात फार थोडं जातं. सोबत फिजिओथेरपी, मांडीचे व्यायाम. फारच ठणकलं तर साधं पॅरासिटामॉल. त्यावरही मॅडमची तळटीप होतीच. रोजच्या रोज चार-चार ग्रॅम खात बसू नका; एडिंबरोत २०२२ मध्ये बीपीच्या रुग्णांना दोन आठवडे तसं देऊन पाहिलं तर वरचा आकडा पाचेकने चढला होता. अधूनमधून एक घ्यायला हरकत नाही. मी महिन्यातून दोनदा घेतो.

पोटॅशियमची गोष्ट वेगळी, आणि त्यात घरात महाभारत झालं. ५.६ पाहून मॅडमचा पहिला प्रश्न, ‘घरात मीठ कोणतं?’ मी म्हटलं, मीठ म्हणजे मीठ. घरी येऊन पाहिलं तर डब्यात ‘लो सोडियम’ मीठ. सूनबाईने माझ्याच बीपीसाठी चार महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवलेलं. सोडियम काढून त्या जागी घातलेलं असतं पोटॅशियम क्लोराइड, आणि टेल्मिसार्टन शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

सूनबाई शिकलेली आहे, ऐकून घेणारी नाही. तिने फोनवर काढून दाखवलं: चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळजवळ एकवीस हजार माणसांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापला, असं मीठ खाणाऱ्यांत पक्षाघात कमी. जागतिक आरोग्य संघटनेनेही पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याची शिफारस केली, तेव्हा तिने ती बातमी मला मुद्दाम पाठवली. मी दोन्ही घेऊन मॅडमकडे. त्या म्हणाल्या, ‘सूनबाई बरोबर आहेत. मीठ चांगलंच आहे. पण त्याच शिफारशीत किडनीचा त्रास असणाऱ्यांना वगळलंय, आणि तुमची किडनी आत्ताच दमून बसलीय.’ निकाल असा लागला की घरात दोन डबे. बाकीच्यांना ते मीठ, मला साधं, तेही मोजून. सूनबाईचा मान राहिला आणि माझं पोटॅशियम ४.७ वर आलं. (आमटी दोघांपैकी कोणत्या मिठाची, यावर अजून वाद होतो.)

एवढं झाल्यावर मी हिची पिशवी घेऊन गेलो. ‘आमचं काही नाही हो, एकच गोळी,’ असं ही म्हणाली होती. मेटोप्रोलॉल, बीपीची, सहा वर्षं. मॅडमनी विचारलं, ‘डोळ्यात काही?’ काचबिंदूचे थेंब होते, सकाळ-संध्याकाळ, चार महिन्यांपासून. टिमोलॉल. डोळ्यातला थेंब म्हणजे औषध थोडंच, ते तर डोळ्यात जातं! पण तो थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात. टिमोलॉल आणि मेटोप्रोलॉल दोन्ही एकाच जातीची, हृदयाचा वेग कमी करणारी. म्हणजे हिला एकाच औषधाचा जणू दुहेरी डोस चालला होता आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना बीपीची गोळी ठाऊक नाही, बीपीच्या डॉक्टरांना थेंब ठाऊक नाहीत.

कोविडमध्ये घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात होतंच. नाडी ४८. गेले दोन महिने हिला सकाळी चक्कर येत होती आणि आम्ही ती उपासावर ढकलत होतो.

ही घाबरून म्हणाली, आजपासून गोळी बंद. मॅडम पहिल्यांदाच चिडलेल्या पाहिल्या. ‘मावशी, ही गोळी एकदम बंद करायची नसते. झटक्यात सोडली तर बीपी आणि ठोके उसळतात. आज डॉक्टरांकडे जा, ते सांगतील तशी कमी करा.’ गेलो. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलून दुसऱ्या जातीचे दिले, रात्री एकदाच घालायचे, आणि गोळी आहे तिथेच राहिली. आता नाडी ६४. थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे थेंब नाकात उतरत नाही, ही युक्तीही मॅडमचीच. हिला ती इतकी आवडली की ताटाभोवती रांगोळी काढावी त्या निष्ठेने करते.

तेव्हापासून मी रांगेत कान देऊन उभा राहतो. ऐकलेलं थोडं सांगतो.

सर्दीची गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला ‘बीपी आहे का?’ असा प्रश्न. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फिनायलेफ्रिन असतं. नाक मोकळं करायला ते रक्तवाहिन्या आवळतं, आणि नाकातल्याच आवळायच्या असं त्याला सांगता येत नाही. बीपीवाल्याला साधं सेट्रिझिन आणि वाफ.

शनिवारी संध्याकाळी एक गृहस्थ फार हळू आवाजात काहीतरी मागत होते. मॅडमनीही तितक्याच हळू विचारलं, ‘छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी घरात आहे का?’ होती. सॉर्बिट्रेट. मॅडमनी मान हलवली. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) आणि ती गोळी दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात, एकत्र पडल्या तर बीपी कोसळून माणूस उठतच नाही. एक घेतल्यावर चोवीस तास दुसरी चालत नाही, टाडालाफिल असेल तर अठ्ठेचाळीस. गृहस्थ काही न घेता गेले. ही गोष्ट मी घरी सांगितली नाही.

घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून आणलेल्या एका आजोबांची अ‍ॅम्लोडिपिन निघाली, तेव्हा फोन करून अझिथ्रोमायसिन लिहून घेतलं. शरीरातलं एक एन्झाइम अ‍ॅम्लोडिपिनचा निचरा करतं, क्लॅरिथ्रोमायसिन त्या एन्झाइमला अडवून बसतं, मग गोळी रक्तात साचते. याच एन्झाइमवरून मला माझ्या पपनसाची काळजी पडली. ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच लेकरू, पपनस आणि संत्र्याचं संकर. कॅनडात १९८९ मध्ये फेलोडिपिन या गोळीचा दारूबरोबर काय संबंध ते तपासत होते आणि दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला. गोळीचं रक्तातलं प्रमाण भलतंच चढलं, आणि दोष निघाला रसाचा. तेव्हा फेलोडिपिन, निफेडिपिन घेणाऱ्यांनी हे कुळ टाळायचं. अ‍ॅम्लोडिपिनवर फारसा परिणाम होत नाही म्हणे, आणि टेल्मिसार्टनचा तर त्या एन्झाइमशी संबंधच नाही. गणपतीपुढच्या पपनसावर माझा हक्क शाबूत आहे.

आमच्या भजनी मंडळातले बुवा मात्र फसले होते. गळा राहावा म्हणून दिवसभर तोंडात ज्येष्ठमधाची काडी. वर्षानुवर्षं. बीपीच्या दोन गोळ्या, त्यातली एक पाण्याची, तरी बीपी हटत नाही आणि जिना चढताना मांड्या भरून येतात. मी त्यांना ओढून दुकानात नेलं. ज्येष्ठमध जास्त झालं की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम टाकून देतं. वर पाण्याची गोळीही पोटॅशियम काढतेच. माझ्या उलट केस. रिपोर्टमध्ये पोटॅशियम २.९ आलं, डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं. काडी सुटल्यावर महिनाभरात बीपीही खाली आलं. बुवांचा आवाज होता तसाच आहे. तो काडीमुळे नव्हता हे आम्हाला आधीच माहीत होतं.

इथेच माझ्या पाच ताऱ्यांतला एक तारा कापला जातो. ज्या काउंटरवर हे सगळं ज्ञान मिळतं त्याच काउंटरवर काचेच्या बरणीत ज्येष्ठमधाच्या गोळ्या सुट्या विकायला ठेवल्यात, पाच रुपयांना दोन. मी मॅडमना दाखवलं. त्या हसल्या, ‘एखाद-दुसरीने काही होत नाही, काका. आणि बरणी शेठची आहे.’

अर्धा तारा रविवारचा. रविवारी मॅडमची सुट्टी, शेठचा भाचा बसतो. तो हुशार आहे, झटपट आहे, रांग सरसर सरकते. काही विचारत नाही. माझ्यातल्या स्टार्टरला तो आवडायला हवा. मी रविवारी बाम सोडून काही घेत नाही. फार्मासिस्टने गिऱ्हाइकाला औषधाबद्दल समजावून सांगणं २०१५ च्या नियमांत लिहिलेलं आहे, असं मॅडमनीच एकदा सांगितलं होतं. भाच्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तो अर्धा तारा मी परत देतो, कारण आणखी एक गोष्ट. माझे रिपोर्ट ठीक झाल्यावर मॅडमनी एक फॉर्म काढला. औषधाने त्रास झाला तर तो कळवायची सरकारी सोय आहे, २०१० पासून चालू, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे सगळं जमा होतं. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्णही स्वतः कळवू शकतो. तेहेतीस वर्षं लोकांच्या तक्रारी घेतल्यानंतर स्वतः एक तक्रार नोंदवताना बरं वाटलं. रकाना होता, ‘सोबत घेतलेली इतर औषधं’. मी मिठासकट सगळं लिहिलं.

तर ५ पैकी ४. जायचं असेल तर सोमवार ते शनिवार, साडेनऊ ते दीड किंवा पाचनंतर; संध्याकाळी आठला सगळ्यात वाईट गर्दी. पट्ट्या, थेंब, चूर्णाच्या डब्या, सगळं एका पिशवीत टाकून न्या, नावं पाठ करत बसू नका. एकाच औषधाची तीन कंपन्यांची तीन नावं असतात. समोरच्या इमारतीतल्या एका आजी दोन डॉक्टरांकडून आलेल्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेत होत्या, आतमध्ये दोन्हींत टेल्मिसार्टनच. पिशवी उलटी केल्यावर कळलं. आणि मागचा माणूस घड्याळ बघत असेल तर बघू द्या, बहुतेक मीच असेन.

अ‍ॅप अजून फोनवर आहे. दर पंधरा दिवसांनी सकाळी सात वाजता टिंग करतं: ‘तुमची गुडघेदुखीची गोळी संपत आली असेल. पुन्हा मागवायची?’ खाली हिरवं बटण. ते बंद कुठून करायचं मला सापडत नाही, नातू रविवारी येणार आहे.